हाडांना नावं ठेवणारे



मी मॅट्रिक पास. कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही. गोदीत काम करतो, कविता लिहितो. तेव्हा माणूस कुठून आला यावर बोलणारा हा कोण, असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. ह्या विषयावर गेल्या दीडशे वर्षांत मोठमोठ्या प्रोफेसरांनी इतकं बेधडक लिहून ठेवलंय, की एका गोदी कामगारानं पाऊण तास तोंड उघडल्यानं शास्त्राचं काही वाटोळं होणार नाही.

विषय आहे निअँडरथल. इंग्रजीत हा शब्द आजही शिवी म्हणून वापरतात. रानटी, मठ्ठ, अंगानं आडदांड आणि डोक्यानं ठार. ज्याचं हे नाव, तो माणूस युरोपात आणि पश्चिम आशियात साडेतीन लाख वर्षांच्या वर जगला, बर्फात जगला, आणि साधारण चाळीस हजार वर्षांपूर्वी संपला. त्याची शिवी कशी झाली ते आधी बघू.

१८५६ चा ऑगस्ट. जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळ निअँडर नावाचं खोरं आहे. तिथं चुनखडीच्या खाणी. कड्यात एक गुहा होती, फेल्डहोफर नावाची. चुनखडीत माती मिसळून चालत नाही म्हणून मजूर आधी गुहेतला गाळ खरवडून बाहेर काढत होते. फावड्याला हाडं लागली. त्यांनी ती गाळाबरोबर खाली दरीत लोटली. मालकाचं लक्ष गेलं, त्याला वाटलं अस्वलाची असतील. थोडी हाडं त्यानं बाजूला ठेवायला लावली आणि एका शाळामास्तराला दाखवली. योहान कार्ल फुलरॉट हे त्या मास्तराचं नाव. मास्तर हुशार. त्यानं ओळखलं की हा माणूस आहे, फार जुना आहे, आणि आपल्यासारखा नाही.

खाणमालकांची नावं पुस्तकात आहेत, बेकर्सहॉफ आणि पीपर. मास्तराचं आहे. ज्या बॉनच्या प्रोफेसरानं पुढच्या वर्षी हाडांवर व्याख्यान दिलं त्या शाफहाउसेनचं आहे. फावडं ज्यांच्या हातात होतं त्यांची नावं नाहीत. मला ह्याचं आश्चर्य वाटत नाही, फक्त सांगून ठेवतो.

जाता जाता एक गंमत. त्या खोऱ्याला निअँडर हे नाव एका कवीवरून पडलं. योआखिम निअँडर, सतराव्या शतकात देवाची गाणी लिहायचा. घराण्याचं मूळ आडनाव नॉयमान. आज्यानं ते ग्रीक करून घेतलं. अर्थ काय? नवा माणूस. जगातल्या सगळ्यात जुनाट ठरवलेल्या माणसाच्या नावात नवा माणूस बसलेला आहे!

आता मराठीत एक चांगली सोय आहे. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं करणं, आणि 'नावं ठेवणं' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. ह्या हाडांच्या बाबतीत दोन्ही कामं एकाच बैठकीत झाली.

आधी मायर नावाचा एक प्रोफेसर म्हणाला, हा कुणी जुना माणूस नाहीच. १८१४ मध्ये रशियाच्या फौजेबरोबर आलेला कोसॅक घोडेस्वार असणार. आजारी पडून गुहेत शिरला आणि मेला. पाय वाकडे कशानं, तर घोड्यावर बसून. भुवयांवरचं हाड पुढं आलेलं कशानं, तर कोपर दुखत होतं म्हणून सारखा कपाळाला आठ्या घालायचा! हे प्रोफेसर. फिर्शो हा तर जर्मनीतला सगळ्यात मोठा वैद्यकशास्त्री. त्यानं १८७२ मध्ये हाडं तपासली आणि सांगितलं की मुडदूस आणि संधिवात झालेला आपल्यातलाच माणूस आहे. म्हणजे एक तर रोगी, नाहीतर परका.

१८६४ मध्ये आयर्लंडच्या गॅलवे कॉलेजातल्या विल्यम किंगनं त्याचं बारसं केलं. होमो निअँडरथॅलेन्सिस. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की ही माणसाची वेगळी जात आहे. शास्त्रात प्रजाती म्हणतात, पण कानाला जातच ऐकू येते. आणि हे सिद्ध करताना किंगनं कुणाला मधे आणलं? अंदमानच्या आदिवासींना. त्याचं म्हणणं असं, की अंदमानी माणूस जनावराच्या जेमतेम वर, त्याला देवाची अगदी अंधुक कल्पना. आणि ही कवटी त्याच्याहून माकडासारखी. तेव्हा ह्या कवटीत जे विचार राहून गेले ते जनावराच्या वर कधी उठलेच नसणार. किंग महाशय अंदमानला गेले नव्हते. १८५८ मध्ये इंग्रज सरकारनं तिथं कैद्यांची वसाहत घातली होती, जंगलं तोडणं चालू होतं, बाणांना बंदुकीनं उत्तर देणं चालू होतं. अशा वेळी हजारो मैलांवर बसलेला प्रोफेसर कवटी हातात घेऊन शिडी रचतो. वर आपण, खाली अंदमानी, त्याच्या खाली निअँडरथल. त्या वेळी ग्रेट अंदमानी काही हजार होते. आज शंभरसुद्धा उरलेले नाहीत.

पुढं १८६६ मध्ये हेकेल नावाच्या जर्मन पंडितानं आणखी एक नाव सुचवलं, होमो स्टुपिडस. भाषांतर करत नाही. किंगचं नाव दोन वर्षं आधी छापून आलं होतं म्हणून ते टिकलं, नाहीतर आज शाळेच्या पुस्तकात स्टुपिडस छापलं असतं.

चित्र मात्र पक्कं केलं फ्रान्सच्या मार्सेलँ बूलनं. १९०८ मध्ये ला शापेल-ओ-सँ इथं एका म्हाताऱ्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. पॅरिसच्या म्युझियममध्ये बूलनं त्याच्यावर १९११ ते १९१३ मोठा ग्रंथ लिहिला. मान पुढं काढलेली, गुडघे वाकलेले, पायाचा अंगठा माकडासारखा बाजूला. धड उभंही राहता येत नाही असा प्राणी. वर्तमानपत्रात तर १९०९ मध्येच त्याचं चित्र आलं होतं. अंगभर केस, हातात सोटा, गुहेच्या तोंडाशी दबा धरून बसलेला. पुढं पन्नास वर्षं जगानं तेच बघितलं. सिनेमात, व्यंगचित्रात, पाठ्यपुस्तकात.

१९५७ मध्ये स्ट्राउस आणि केव्ह ह्या दोघांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला. मानेचे, पाठीचे, कमरेचे सांधे झिजलेले. दाढा बहुतेक गेलेल्या, आणि जबड्याचं हाड भरून आलेलं. म्हणजे दात पडल्यावरही तो बराच काळ जगला होता. ते म्हणाले, ह्याला आंघोळ घालून, दाढी करून, कपडे घालून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसवलं तर कुणी वळून बघणार नाही. आपल्या लोकलमध्ये तर चौथी सीटसुद्धा देणार नाहीत. २०१९ मध्ये पुन्हा मोजमाप झालं. पाठीचा कणा आपल्यासारखाच, बाक आपल्याच जागी. तो ताठ चालत होता.

आता संधिवात बूलला दिसला नव्हता असं नाही. दिसला होता, त्यानं लिहिलाय. पण त्याला जो माणूस बघायचा होता तो त्यानं आधीच ठरवला होता. मी पाठी बघितल्यात, दोस्तांनो. पंचवीस वर्षं गोणी वाहिलेल्या माणसाची पाठ कपडे काढल्यावर कशी दिसते ते गोदीत कुणालाही विचारा. मान पुढं येते, गुडघा पूर्ण सरळ होत नाही. उद्या त्याचा सांगाडा बूलच्या टेबलावर गेला तर बूल काय लिहील? ही जात वाकूनच चालायची.

आणि कवटीचं म्हणाल तर ह्या म्हाताऱ्याच्या मेंदूला सोळाशे घन सेंटिमीटरच्या वर जागा होती. आपल्या सरासरीपेक्षा जास्त. हे बूलनंच मोजलं होतं. मग त्याला लिहावं लागलं की आकार मोठा असेल, पण आतला माल हलका. सालं, जिंकूच द्यायचं नाही असं ठरवलं की असं होतं.

हा मठ्ठ माणूस करत काय होता ते ऐका.

इराकमध्ये कुर्दिस्तानात शानिदार नावाची गुहा आहे. राल्फ सोलेकीनं १९५१ ते १९६० मध्ये ती खणली. तिथल्या पहिल्या सांगाड्याला शानिदार एक म्हणतात. ह्या माणसाच्या डाव्या डोळ्याजवळ जबर मार बसलेला, त्या डोळ्यानं दिसत नसणार. उजवा हात लहानपणीच वाळलेला आणि कोपराजवळ तुटलेला. पाय लंगडा. कानाच्या भोकात हाड वाढलेलं, म्हणजे जवळजवळ बहिरा. हे सगळं होऊन, जखमा भरून, तो चाळिशीपर्यंत जगला. त्या काळात चाळिशी म्हणजे म्हातारपण. एकटा जगला असता? कुणीतरी त्याला मांस तोडून देत होतं, जनावर आलं की ओढून आत घेत होतं. त्याच गुहेत एका प्रेताभोवती फुलांचे परागकण सापडले, म्हणून फुलं वाहिली अशी मोठी गोष्ट झाली. पुढं शंका आली की ते पराग मधमाश्यांनी नाहीतर घुशीसारख्या जनावरांनी आणले असतील. मला फुलांची गरज नाही. तो एक हात पुरे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. फ्रान्समध्ये आब्री द्यु मारास म्हणून एक खडकाचा आडोसा आहे. तिथं दगडाच्या एका पात्याच्या खालच्या बाजूला दोरीचा तुकडा चिकटलेला सापडला. २०२० मध्ये जाहीर झालं. किती तुकडा? सहा मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड. मुंगीएवढा. वय चाळीस ते पन्नास हजार वर्षं. झाडाच्या आतल्या सालीचे तंतू. दोरी तीनपदरी. एकेका पदराला एका बाजूला पीळ दिलेला, आणि मग तिन्ही पदर एकत्र घेऊन उलट्या बाजूला पीळ.

दोरावर ज्याचं पोट आहे त्याला हे समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सगळा पीळ एकाच बाजूला दिला तर हात सोडल्याबरोबर दोर उलगडतो. पदराला एकीकडे आणि दोराला दुसरीकडे पीळ दिला, की पदर सुटायला बघतो तेव्हा दोर आणखी आवळतो. आज जहाज धक्क्याला बांधतात तो दोरही ह्याच हिशोबानं वळतात. हे आपोआप सुचत नाही. साल कधी काढायची, किती भिजवायची, कुठला पदर कुठं फिरवायचा हे हात धरून शिकवावं लागतं, आणि शिकवायला काहीतरी बोलावं लागतं. १९८३ मध्ये इस्राएलच्या केबारा गुहेत निअँडरथलचं गळ्यातलं छोटं हाड सापडलं, जिभेच्या मुळाशी असतं ते. आपल्यासारखंच आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं सुंभ मातीत कुजून गेला, माणूस गेला, जात गेली, आणि सहा मिलिमीटरवर पीळ शाबूत आहे. एवढ्या पुराव्यावर मी त्याला माझ्या गँगमध्ये घ्यायला तयार आहे.

तो साधुसंत होता असं माझं म्हणणं नाही. स्पेनच्या एल सिद्रोनमध्ये, बेल्जियमच्या गोयेतमध्ये निअँडरथलांची हाडं सापडली त्यांच्यावर कापल्याच्या आणि फोडल्याच्या खुणा आहेत. माणसानं माणूस खाल्ल्याच्या. ते आपणही केलंय. कुणाला माणूस म्हणायचं तर त्याच्या गुन्ह्यांसकट म्हणावं लागतं.

आता रक्ताचं बोलू.

आपले पूर्वज आफ्रिकेतले. त्यांचा आणि निअँडरथलांचा मूळ बाप एकच, पण पाच-सात लाख वर्षांपूर्वी वाटा फुटल्या. मग पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी आपले लोक आफ्रिकेतून मोठ्या संख्येनं बाहेर पडले आणि समोर हे लोक होते. पुढं काय झालं? १९९७ मध्ये स्वान्ते पेबो आणि त्याच्या सोबत्यांनी फेल्डहोफरच्या हाडातून डीएनए काढला. तो फक्त आईकडून येणारा तुकडा होता, आणि आज जिवंत असलेल्या कुणाशी तो जुळत नव्हता. पंडित म्हणाले, बघा, संबंधच आला नाही. मग २०१० मध्ये क्रोएशियाच्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून निअँडरथलाचा बराचसा डीएनए वाचला गेला आणि भांडं फुटलं. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसात निअँडरथलाचा वाटा आहे. आजच्या हिशोबानं साधारण दोन टक्के. पेबोला ह्या कामाबद्दल २०२२ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे ह्या दोन जातींत बेटीव्यवहार झाला होता. आणि पोरं झाली, त्या पोरांना पोरं झाली, म्हणून तुम्ही-आम्ही इथं बसलोय. किंगनं ज्या अंदमानी माणसाला शिडीच्या खालच्या पायरीवर बसवलं त्याच्यात आणि खुद्द किंगमध्ये हा वाटा जवळपास सारखाच. भारतात निअँडरथलाचं एकही हाड सापडलेलं नाही, पण टक्का मात्र आपल्या सगळ्यांत आहे. सनातन्यांत आहे, माझ्यात आहे. सोवळं पाळणाऱ्यांनी ह्याचं काय करायचं ते त्यांनी बघावं.

रुमानियात पेश्तेरा कु ओआसे नावाच्या गुहेत २००२ मध्ये एक जबडा सापडला, चाळीस हजार वर्षांपूर्वीचा, आपल्या जातीच्या माणसाचा. २०१५ मध्ये कळलं की त्याच्या चार ते सहा पिढ्या मागं एक निअँडरथल होता. म्हणजे खापरपणजा, नाहीतर त्याचा बाप, नाहीतर आजा. घरात गोष्टी सांगितल्या जात असतील इतका जवळ. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत तर, हजारो फुटक्या हाडांच्या ढिगात, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा निघाला. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीचा, नव्वद हजार वर्षांपूर्वीचा. आई निअँडरथल, बाप डेनिसोवन, म्हणजे आणखी तिसऱ्याच जातीचा. २०१८ मध्ये ही पोरगी जगाला कळली. शुद्ध वंशाचं भजन गाणाऱ्यांच्या तोंडावर मारावा असा तो दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा आहे.

पण इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. बेटीव्यवहार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं प्रेम येतं, नाहीतर लग्न. हाडं ते सांगत नाहीत. जबरदस्तीनं झालेली पोरंसुद्धा रक्त पुढं नेतात. आपल्या आयाबायांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. कुणी कविता करायला बसला की दोन जातींचं चांदण्यातलं मीलन वगैरे लिहितो. लिहू नका. एवढंच म्हणता येईल की ती पोरं आपल्या बाजूच्या टोळ्यांत वाढली, आणि कुणीतरी त्यांना दूध पाजलं, टाकून दिलं नाही. देणंघेणं एकाच वेळचं नव्हतं, एकाच बाजूचंही नव्हतं. २०२० मध्ये कळलं की उशिराच्या निअँडरथल पुरुषांचं वाय गुणसूत्र आपल्या बाजूच्या पुरुषांकडून आलेलं आहे, लाखाहून जास्त वर्षांपूर्वी. आजच्या सगळ्यांत जो वाटा आहे तो मात्र मुख्यतः पंचेचाळीस ते पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या एका कालखंडातला, असं २०२४ च्या अभ्यासातून निघालं.

आता दुसरी बदमाशी. २०१० मध्ये सांगितलं गेलं की आफ्रिकेच्या लोकांत हा वाटा नाही, युरोपात आहे. त्यानंतर चमत्कार बघा. जो शंभर वर्षं माकड होता तो एकदम कलावंत झाला. संग्रहालयात त्याचे पुतळे गोरे, निळ्या डोळ्यांचे, हसरे. थुंकी पाठवा आणि आपला निअँडरथल टक्का जाणून घ्या, अशा जाहिराती. पुरावे काही खोटे नाहीत, दोरी खरी आहे. पण तो माणसात आला कधी? तर आपला पणजा ठरल्यावर. मग २०२० मध्ये निघालं की आफ्रिकेच्या लोकांतही थोडा वाटा आहे, साधारण ०.३ टक्के, कारण माणसं आफ्रिकेतून नुसती बाहेरच गेली नाहीत, परतही आली. ह्या बातमीला तेवढी जाहिरात मिळाली नाही. तेव्हा टक्का मिरवू नका. दोन टक्क्यांचा अभिमान धरणारा आणि दोन टक्क्यांचा विटाळ मानणारा एकाच शाळेत शिकलेले आहेत.

ह्या रक्ताचा आपल्या जिवाशी आलेला संबंधही सांगतो. २०२० साल आठवा. कोविडमध्ये कुणाला नुसता खोकला, आणि कुणी आठवड्यात खलास. त्याच वर्षी पेबो आणि झेबर्ग ह्यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा ज्याच्याकडे आहे त्याला आजार जास्त जोरात होण्याचा धोका असतो, आणि तो तुकडा निअँडरथलाकडून आलाय. युरोपात तो शंभरात सोळा जणांकडे. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, जवळपास निम्म्यांकडे. बांगलादेशात त्याहून जास्त. बाराव्या गुणसूत्रावर त्यांनीच दिलेला दुसरा तुकडा उलट थोडा वाचवतो. म्हणजे पूर्वजांनी विष दिलं आणि उताराही दिला.

शास्त्र म्हणून हे खरं आहे. पण उद्या कुणी साहेब म्हणाला की तुमची माणसं जीनमुळं मेली, तर त्याला तिथंच थांबवा. धोका जीनचा होता. खाट नव्हती, ऑक्सिजन नव्हता, दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणं होती, ह्यात पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा काय हात? मेलेल्यांच्या रक्ताला नावं ठेवणं सोपं असतं, ते बोलायला येत नाहीत.

मग ते संपले कसे? आपण मारले? शानिदार तीन नावाच्या माणसाच्या डाव्या बरगडीवर फेकलेल्या हलक्या भाल्याची वाटावी अशी जखम आहे, आणि फेकायचे भाले बहुधा आपल्याकडे होते. एक जखम. तेवढ्यावर कत्तलीचा खटला उभा राहत नाही. पण ते फार थोडे होते, हे नक्की. दहा-वीस जणांच्या टोळ्या, एकमेकींपासून तुटलेल्या. सैबेरियातल्या एका बाईचे आईबाप सावत्र भावंडांइतके जवळचे निघाले. फ्रान्सच्या मांद्रँ गुहेतल्या थोरिनचा डीएनए २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे लोक हजारो वर्षं शेजारच्या निअँडरथलांतही मिसळले नव्हते. अशा लोकांना हरवायला युद्ध लागत नाही. दोन थंड वर्षं, शिकारीची चांगली जागा दुसऱ्यानं घेतलेली, एक बाळंतपण बिघडलेलं, एवढं पुरतं.

शेवटचं सांगतो आणि बसतो. फेल्डहोफरची गुहा पुढं खाणीतच संपली. कडाच उरला नाही. मजुरांनी फेकलेला गाळ कुठं गेला ते दीडशे वर्षं कुणी शोधलं नाही. १९९७ मध्ये श्मिट्झ आणि थिसेन ह्या दोघांनी जुने नकाशे, जुनी चित्रं बघून जागा हुडकली. एका गॅरेजच्या आणि भंगाराच्या मागं तो गाळ होता, जसा फेकला होता तसा. १९९७ मध्ये आणि २००० मध्ये त्यांनी तो चाळला. दगडाची हत्यारं निघाली, जनावरांची हाडं निघाली, माणसाच्या हाडांचे साठाच्या वर तुकडे निघाले. त्यातला एक तुकडा बॉनच्या संग्रहालयात ठेवलेल्या डाव्या मांडीच्या हाडाला लावून बघितला. गुडघ्याजवळ चपखल बसला. आणखी एका माणसाचीही हाडं मिळाली, दुसऱ्याच. १८५६ पासून तो तिथंच पडून होता, त्याच्याविषयी कुणी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

आता तुम्ही विचारा.